आपल्या वतीने कोण बोलणार?
वैद्यकीय निर्णयासाठी व्यक्ती नेमून ठेवण्याविषयी

वार्षिक अहवालात हिशेब, नवी उपकरणे आणि विभागवार कामगिरी यांच्या जोडीला आरोग्यविषयक एखाद्या प्रश्नाची माहिती द्यावी, असा आमचा प्रघात आहे. या वर्षी आम्ही संमतीच्या सहीविषयी लिहीत आहोत. देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्त या तिन्ही वर्गांतील मंडळी आम्हांला हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारीत असतात आणि त्याविषयी गैरसमजही पुष्कळ आहेत.

नागपूर हे विदर्भाचेच नव्हे, तर शेजारच्या बालाघाट, छिंदवाडा, बैतूल या जिल्ह्यांचेही वैद्यकीय केंद्र आहे. गडचिरोली किंवा गोंदियाहून रात्री रुग्णवाहिकेतून रुग्ण येतो तेव्हा तो पुष्कळदा शुद्धीवर नसतो आणि त्याच्यासोबत जो येतो तोच संमतिपत्रावर सही करतो. कधी तो मुलगा असतो, कधी जावई, कधी शेजारी. पहिल्या काही तासांत यामुळे काही अडत नाही. प्राण वाचविण्यासाठी तातडीने करावयाच्या उपचारांना कोणाच्याही सहीची वाट पाहावी लागत नाही. डॉक्टरांनी ते करावयाचेच असतात. अडचण उभी राहते ती पाचव्या, दहाव्या, विसाव्या दिवशी. रुग्ण कृत्रिम श्वासोच्छ्वास यंत्रावर आहे, मेंदूला झालेली इजा भरून येण्याची आशा डॉक्टरांना उरलेली नाही, गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची की नाही, डायलिसिस सुरू करायचे की नाही, हे ठरवावयाचे आहे. तेवढ्यात पुण्याहून थोरले चिरंजीव येतात, अमेरिकेहून कन्येचा दूरध्वनी येतो, गावाहून काका येतात आणि प्रत्येकाचे मत निराळे पडते. ज्याच्या शरीराविषयी हे सारे चालले आहे, त्याला काय हवे होते, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

पती, पत्नी अथवा ज्येष्ठ पुत्र यांना असा निर्णय घेण्याचा अधिकार कायद्यानेच मिळालेला आहे, अशी बहुतेकांची समजूत असते. ही समजूत पूर्णपणे खरी नाही. सज्ञान आणि निर्णयक्षम व्यक्तीच्या उपचारांना संमती देण्याचा अधिकार त्या व्यक्तीचाच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये दिलेल्या एका निकालात ही गोष्ट स्पष्ट झाली. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका महिलेचे गर्भाशय व बीजांडकोश तिच्या आईची सही घेऊन काढून टाकण्यात आले होते. रुग्ण सज्ञान होती, भूल उतरल्यावर तिला विचारता आले असते आणि प्राणावर बेतलेला प्रसंग नव्हता. म्हणून आईची संमती ही मुलीची संमती ठरू शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. जन्मदात्या आईची सहीसुद्धा पुरी पडली नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे.

रुग्ण शुद्धीवर असेल आणि त्याला विचार करता येत असेल, तर नको असलेले उपचार नाकारण्याचा अधिकार त्याचा स्वतःचा आहे. आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, पवनारच्या आश्रमात, नोव्हेंबर १९८२ मध्ये आचार्य विनोबा भावे यांनी आजारपणात अन्न व औषध घेण्याचे थांबविले. आग्रह करणारे पुष्कळ होते; परंतु निर्णय त्यांचा होता आणि तो सांगण्यास ते स्वतः समर्थ होते. १५ नोव्हेंबरला त्यांचे निर्वाण झाले. विनोबांची गोष्ट सर्वस्वी वेगळी, हे आम्ही जाणतो. येथे सांगावयाचे एवढेच, की अतिदक्षता विभागातील बहुतेक रुग्णांना तशी संधी मिळत नाही. त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणीतरी बोलावे लागते. तो कोण, हे त्यांनी आधी ठरवून ठेवलेले नसते.

मग अनेक जण विचारतात, 'कुलमुखत्यारपत्र करून ठेवले तर?' शेती, घर, बँकेचे व्यवहार यांसाठी मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून देण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे आणि त्याच कागदाने दवाखान्याचे कामही भागेल, अशी अपेक्षा असते. दुर्दैवाने ते भागत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार, मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला अथवा त्याची बुद्धी स्थिर राहिली नाही, की त्याने नेमलेल्या मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे ज्या क्षणी या कागदाची खरी गरज पडते, त्याच क्षणी तो दुबळा होतो. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने, व्यक्तीची निर्णयक्षमता गेल्यावरही टिकणारे, उपचारांविषयीचे मुखत्यारपत्र अस्तित्वात आले. अमेरिकेतील राज्यांतही असे कागद रूढ आहेत. आपल्याकडे तसा सर्वसाधारण कायदा नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांनी तिकडच्या वकिलाकडून आई-वडिलांसाठी करून आणलेला कागद येथे आपोआप लागू पडेल, असेही गृहीत धरू नये. बँकेतील अथवा विम्यातील नामनिर्देशनाचाही येथे संबंध नाही. देहदानाचा भरलेला अर्ज दाखवून 'वडिलांनी हे आधीच लिहून ठेवले आहे' असे सांगणारी कुटुंबेही आम्हांला भेटतात. त्या अर्जामागील भावना थोर आहे. परंतु तो मृत्यूनंतरच्या देहाविषयी आहे, मृत्यूपूर्वीच्या उपचारांविषयी नाही.

न्यायालयाकडून पालक नेमून घेण्याचा मार्ग आहे, पण तो लांबचा आहे. १८९० चा पालकत्वाचा कायदा अज्ञानांसाठी आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हा पातळीवरील समिती पालक नेमते, ती स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व व बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी. अपघाताने किंवा पक्षाघाताने कोमात गेलेल्या प्रौढ माणसाची सोय यांपैकी कशातही नीट होत नाही. त्यामुळे कुटुंबीयांना उच्च न्यायालयात याचिका करावी लागते. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात कोमातील पतीची पालक म्हणून त्याच्या पत्नीला नेमले. विदर्भातील कुटुंबांना यासाठी मुंबईपर्यंत जावे लागत नाही, नागपूर खंडपीठ येथेच आहे, हे खरे. तथापि घरातील कर्ता माणूस अतिदक्षता विभागात असताना वकील, प्रतिज्ञापत्रे आणि तारखा यांच्या मागे धावण्याचे बळ किती जणांत असते?

महाराष्ट्राने हा प्रश्न फार मोठी किंमत देऊन पाहिलेला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच अत्याचार झाला. गळा आवळला गेल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा कधीही भानावर आल्या नाहीत. त्यांचे अन्न बंद करण्याची परवानगी मागणारी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात दाखल केली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाला इच्छामरणाच्या प्रश्नाआधी दुसऱ्याच एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागले: अरुणाताईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? आई-वडील हयात नव्हते. जवळच्या आप्तांचे येणे सुटले होते. विराणी यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले होते, त्यांची तळमळ प्रामाणिक होती. परंतु ३७ वर्षे रात्रंदिवस ज्यांनी त्यांना भरविले, पुसले, कुशीवर वळविले, ते के. ई. एम. चे कर्मचारीच त्यांचे खरे निकटचे स्नेही होत, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्या परिचारिकांना अरुणाताई हव्या होत्या. याचिका नामंजूर झाली आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा अंत होईपर्यंत त्यांची शुश्रूषा चालू राहिली. रुग्णसेवेत असलेल्या कोणालाही त्या परिचारिकांपुढे मस्तक नमवावेसे वाटेल. तरीही एक गोष्ट उरतेच. चाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांच्याविषयी सर्व जण बोलले, पण त्यांचे स्वतःचे म्हणणे काय असते हे सांगू शकेल असा, त्यांनी स्वतः निवडलेला, कोणीही नव्हता. तरुण परिचारिकेने असे काही लिहून ठेवावे, ही कल्पनाही त्या काळी कोणाला सुचली नसती.

आज ती सोय आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवर निकाल देताना सन्मानाने मरण येणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला आणि वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली. मात्र त्या वेळी घालून दिलेली पद्धत इतकी किचकट होती, की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मिळवितानाच माणूस थकावा. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती पुष्कळ सुलभ केली. संसदेने याविषयी स्वतंत्र कायदा केलेला नाही. तोवर हे निकालच कायद्याच्या ठिकाणी आहेत.

हे इच्छापत्र कोणत्याही सज्ञान व स्थिरबुद्धीच्या व्यक्तीस करता येते. ते लेखी असावे, स्वेच्छेने केलेले असावे आणि कोणत्या परिस्थितीत कोणते उपचार सुरू करू नयेत अथवा थांबवावेत, हे त्यात निःसंदिग्धपणे लिहिलेले असावे. दोन साक्षीदारांसमक्ष त्यावर सही करावयाची आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्याकडून ते साक्षांकित करून घ्यावयाचे. आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग असा, की आपली निर्णयक्षमता गेल्यास आपल्या वतीने संमती देणाऱ्या पालकांची अथवा जवळच्या नातेवाइकांची नावे त्यात लिहावयाची असतात. २०२३ च्या सुधारणेनुसार एकापेक्षा अधिक नावे असावीत. इच्छापत्राची प्रत त्या व्यक्तींना व आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना द्यावी आणि एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका अथवा पंचायत यांच्या सक्षम अधिकाऱ्याकडे सुपूर्द करावी. तो अधिकारी अभिरक्षक नेमून ती जतन करवितो. हे अभिरक्षक नेमले जावेत म्हणून मुंबईतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. शेजारच्या गोव्याने याबाबत लवकर पाऊल उचलले. तेथील खंडपीठाचे तत्कालीन न्यायमूर्ती महेश सोनक यांनी मे २०२४ मध्ये स्वतःचे वैद्यकीय इच्छापत्र नोंदविले. न्यायासनावर बसलेल्या व्यक्तीने आपल्या मृत्यूविषयीचा कागद चारचौघांसमोर करावा, याचा लोकांवर झालेला परिणाम शंभर व्याख्यानांनी झाला नसता.

नेमलेल्या व्यक्तीला अमर्याद अधिकार मिळतो, असे कोणी समजू नये. इच्छापत्रात जे लिहिले आहे त्याच्याशी सुसंगत असाच निर्णय तिने द्यावयाचा असतो. शिवाय तिची सही झाली की लगेच यंत्र बंद झाले, असे होत नाही. प्रथम उपचार करणारे डॉक्टर आणि त्या विषयातील किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ, नेमलेल्या व्यक्तीच्या उपस्थितीत, रुग्णास तपासते व शक्यतो ४८ तासांत मत देते. त्यानंतर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नामनिर्देशित केलेले डॉक्टर आणि पहिल्या मंडळात नसलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे दुसरे मंडळ, तेवढ्याच अवधीत, स्वतंत्रपणे पडताळणी करते. दोन्ही मंडळांचे एकमत आणि नेमलेल्या व्यक्तीची संमती असल्यास, न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवून मगच निर्णय अमलात येतो. मतभेद झाल्यास उच्च न्यायालयाचे दार उघडे आहे. इच्छापत्र नसले तरी जवळच्या आप्तांच्या संमतीने हीच पद्धत अवलंबिता येते. फरक एवढाच, की तेव्हा 'आप्त म्हणजे कोण आणि त्यांच्यात एकमत आहे काय' या प्रश्नापासून आरंभ करावा लागतो.

ही पद्धत अनेकांना ठाऊक नसल्यामुळे आजही जे घडते ते लिहिताना आम्हांला खेद होतो. आशा संपली आणि पैसाही संपला, की कुटुंबातील कोणीतरी 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत' या कागदावर सही करतो आणि रुग्णास रुग्णवाहिकेतून गावी नेले जाते. अनेकदा वाटेतच श्वास थांबतो. वेदनाशामक औषध नसते, जवळ परिचारिका नसते. ज्याने सही केली त्याच्याकडे भाऊबंद पुढची कित्येक वर्षे बोट दाखवितात: पैशासाठी नेले, जमिनीसाठी नेले. ही सही बहुधा घरातील सर्वांत दुर्बळ माणसाच्या वाट्याला येते, असे आमचे निरीक्षण आहे. वैद्यकीय इच्छापत्रात नाव घातले गेलेल्या व्यक्तीवरचे हे ओझे पुष्कळच हलके होते. कारण ती स्वतःचा निर्णय देत नसून रुग्णाचा निर्णय कळवीत असते. आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास नको असे लिहिणे म्हणजे शुश्रूषा नको असे लिहिणे नव्हे. वेदनाशमन, स्वच्छता, कोरडे पडलेले ओठ ओले करणे, जवळच्यांचा सहवास हे शेवटपर्यंत चालू राहावयाचे असते.

काही देणगीदारांनी आम्हांला स्पष्टपणे विचारले आहे, की रुग्णालयाने अशा कागदाचा प्रसार करणे म्हणजे खाटा मोकळ्या करण्याचा मार्ग तर नव्हे? ही शंका रास्त आहे आणि ती विचारली गेलीच पाहिजे. आमचे उत्तर असे, की रुग्णालयातील कोणत्याही कर्मचाऱ्याने इच्छापत्रावर साक्षीदार होऊ नये, दाखल झालेल्या रुग्णाकडे किंवा त्याच्या आप्तांकडे असा कागद करण्याचा आग्रह धरू नये, असा नियम आम्ही पाळतो. निर्धन रुग्ण निधीतून ज्यांचे देयक भागविले जाते त्यांच्या बाबतीत तर तो अधिक कटाक्षाने पाळावयाचा असतो, कारण उपकाराच्या दडपणाखाली दिलेली संमती ही संमतीच नव्हे. हा कागद घरी, प्रकृती ठीक असताना, चहाच्या वेळी बोलून करावयाचा आहे. 'माझ्यावर सर्व उपचार शेवटपर्यंत करावेत' अशी एखाद्याची इच्छा असल्यास तीही नेमलेल्या व्यक्तीस तितक्याच स्पष्टपणे सांगावी.

कोणाला नेमावे? आपल्या घरांतून ज्येष्ठ पुत्राचे नाव आपसूक पुढे येते. आमचा अनुभव वेगळे सुचवितो. जो हाकेच्या अंतरावर राहतो, ज्याला डॉक्टरांना प्रश्न विचारण्याचा संकोच वाटत नाही, जो नातेवाइकांच्या रडण्यापुढे आणि रागापुढे स्थिर राहू शकतो आणि मुख्य म्हणजे जो आपली इच्छा स्वतःच्या इच्छेपेक्षा मोठी मानील, त्याला नेमावे. ती धाकटी सून असू शकते, बहीण असू शकते. मुले परदेशी असतील तर निदान एक नाव नागपुरातील असावे. मंडळ रुग्णास तपासावयास येते तेव्हा दूरध्वनीवरील आवाज पुरत नाही. दोन नावे लिहिताना प्रथम कोणाला विचारावे, याचा क्रमही लिहून ठेवावा. अविवाहित अथवा एकट्या राहणाऱ्या व्यक्तींनी विश्वासू स्नेह्याचे नाव पालक म्हणून घालावे आणि मसुदा एकदा वकिलांना दाखवावा. ज्याला नेमावयाचे त्याला आधी विचारावे, हे सांगण्याची गरज भासू नये, पण भासते. इच्छापत्र केव्हाही रद्द करता येते किंवा बदलता येते आणि एकाहून अधिक असल्यास सर्वांत शेवटी सही केलेले ग्राह्य धरले जाते.

मानसिक आजाराच्या बाबतीत मात्र मार्ग निराळा व अधिक सोपा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने प्रत्येक सज्ञान व्यक्तीस आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमण्याचा हक्क दिला आहे. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा केला तरी पुरते; प्रतिनिधी सज्ञान असावा आणि त्याची लेखी संमती असावी. आजार पुन्हा उलटण्याची शक्यता असलेल्या रुग्णांनी, प्रकृती चांगली असतानाच, उपचार कसे व्हावेत आणि कसे होऊ नयेत हेही लिहून ठेवावे. तातडीच्या उपचारांना ते निर्देश लागू होत नाहीत.

आमच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात वैद्यकीय इच्छापत्राचा मराठी व हिंदी नमुना विनामूल्य मिळतो. समाजसेवक तो समजावून सांगतात, भरून देत नाहीत. तयार झालेले इच्छापत्र मालमत्तेच्या मृत्युपत्रासोबत बँकेच्या लॉकरमध्ये ठेवण्याची चूक पुष्कळ जण करतात. तो लॉकर उघडला जातो तेव्हा कागदाचा उपयोग संपलेला असतो. मूळ प्रत घरातील दवाखान्याच्या फायलीत, रक्तगटाच्या व औषधांच्या कागदांबरोबर ठेवावी, ती कोठे आहे हे घरातील दोघांना ठाऊक असावे आणि रुग्णालयात दाखल होताना तिची छायाप्रत केसपेपरला जोडण्यास द्यावी.